सामूचे जनक : सोरेन पेडर लॉरिट्स सोरेन्सेन

शेतातील माती तपासून आली की शेतकऱ्याच्या हाती एक पत्रिका पडते. तीत नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीला एक आकडा ठळकपणे छापलेला असतो, आणि त्याच्यापुढे सामू असा शब्द असतो. हाच आकडा विहिरीच्या पाण्याच्या तपासणीत भेटतो, रुग्णाच्या रक्ताच्या अहवालात भेटतो, औषधांच्या कारखान्यात आणि कातडी कमावण्याच्या कुंडाशीही भेटतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत त्याला पीएच म्हणतात. जगाच्या पाठीवर रोज लक्षावधी वेळा उच्चारल्या जाणाऱ्या या आकड्यामागे एका माणसाचे आयुष्य उभे आहे, ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या ध्यानी नसते. आमच्या विद्यालयात विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना अनुमापनाची गणिते सोडवावी लागतात. ती गणिते ज्यांच्या चिंतनातून सुलभ झाली, त्या सोरेन पेडर लॉरिट्स सोरेन्सेन यांचे चरित्र या स्मरणिकेच्या पानांवर यावे, असे आम्हांस वाटले.

सोरेन्सेन यांचा जन्म ९ जानेवारी १८६८ रोजी डेन्मार्कमधील हावरेब्येर्ग या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. डेन्मार्क हा लहानसा देश. ज्या वर्षी सोरेन्सेन जन्मले, त्याच्या चारच वर्षे आधी प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात त्याने आपला मोठा भूभाग गमावला होता. गमावलेले बाहेर जाऊन परत मिळविता येत नाही, ते शेती, शिक्षण आणि उद्योग यांच्या बळावर घरातच उभे करावे लागते, अशी जाणीव त्या काळच्या डॅनिश समाजात रुजत होती. अशा वातावरणात हा शेतकरीपुत्र वाढला आणि वयाच्या अठराव्या वर्षी कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाला.

त्यांनी आरंभी वैद्यकाचा अभ्यास हाती घेतला होता. परंतु तेथे सोफुस माद्स योर्गेन्सेन या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या अध्यापनाने त्यांचे मन वेधले आणि ते कायमचे रसायनशास्त्राकडे वळले. योर्गेन्सेन हे कोबाल्ट, क्रोमियम अशा धातूंच्या जटिल संयुगांचे अभ्यासक. प्रत्येक पदार्थ शुद्ध करून घ्यावा, प्रत्येक वजन पुन्हा पडताळावे आणि मगच बोलावे, ही त्यांची शिस्त. सोरेन्सेन यांनी त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून काम केले. त्याच काळात त्यांनी डेन्मार्कच्या भूगर्भ सर्वेक्षणाला हातभार लावला आणि नौदलाच्या गोदीसाठी रासायनिक सल्लागाराचे कामही पाहिले. १८९९ साली कोबाल्टच्या संयुगांवरील प्रबंधाबद्दल त्यांना डॉक्टरेट मिळाली. या वेळेपर्यंत त्यांचा जीवशास्त्राशी फारसा संबंध आलेला नव्हता. तो आला कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेमुळे.

ही प्रयोगशाळा कोपनहेगनमधील एका बिअरच्या कारखान्याने १८७५ साली स्थापिली. मद्याच्या व्यवसायाविषयी आमचे मत काय असेल हे वाचकांस ठाऊकच आहे. तरीही त्या कारखान्याचे संस्थापक याकोब ख्रिस्तियन याकोब्सेन यांनी आपल्या प्रयोगशाळेला घालून दिलेला एक नियम आम्हांस आदरणीय वाटतो. प्रयोगशाळेत हाती आलेला कोणताही महत्त्वाचा निष्कर्ष, मग तो तात्त्विक असो वा व्यवहारोपयोगी, गुप्त ठेवायचा नाही, असा तो नियम होता. प्रतिस्पर्ध्याच्या हाती तो पडला तरी चालेल, पण ज्ञान जगापुढे आलेच पाहिजे. याच नियमानुसार तेथील एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी शुद्ध यीस्ट वाढविण्याची रीत जाहीर केली, आणि योहान केल्डाल यांनी १८८३ साली अन्नपदार्थांतील नायट्रोजन मोजण्याची पद्धत जगाला दिली. केल्डाल यांची ती पद्धत आजही धान्यातील आणि दुधातील प्रथिने मोजण्यासाठी वापरली जाते. १९०० साली केल्डाल यांचे निधन झाले, आणि पुढल्या वर्षी, म्हणजे १९०१ साली, त्यांच्या जागी रसायन विभागाचे प्रमुख म्हणून सोरेन्सेन यांची नेमणूक झाली. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. त्यानंतरचे सदतीस वर्षांचे कार्य त्यांनी त्याच संस्थेत केले.

नव्या जागी त्यांच्यासमोर जो विषय आला तो प्रथिने आणि विकरे यांचा. विकरे म्हणजे सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे पदार्थ. जठरातील पेप्सिन प्रथिनांचे तुकडे करते, यीस्टमधील इन्व्हर्टेज साखरेचे विभाजन करते. ही विकरे आम्लतेच्या बाबतीत फार संवेदनशील असतात. थोडे आम्ल वाढले की क्रिया वेग घेते, आणखी वाढले की थंडावते. परंतु आम्ल थोडे म्हणजे किती, हा प्रश्न कोणाही अभ्यासकाला नेमकेपणाने सोडविता येत नव्हता. एकाच प्रयोगाची दोन ठिकाणी दोन उत्तरे येत. प्रत्येकजण द्रावणात किती आम्ल ओतले ते लिहून ठेवी, आणि तेवढ्याने काम भागले असे समजे.

अडचण नेमकी येथेच होती. त्यापूर्वी वीस-पंचवीस वर्षे स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी आयनांच्या विचरणाचा सिद्धान्त मांडला होता. आम्ल पाण्यात विरघळले की त्याच्या काही रेणूंचे विचरण होऊन हायड्रोजन आयन मोकळे होतात, आणि आम्लाचे गुणधर्म या मोकळ्या आयनांमुळे प्रकट होतात. हायड्रोक्लोरिक आम्लासारख्या तीव्र आम्लाचे जवळजवळ सारे रेणू विचरतात. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लासारख्या सौम्य आम्लाचे शंभरांतील एखाददुसरे रेणूच विचरतात, बाकीचे तसेच राहतात. ब्युरेटमधून आम्लारी सोडून केलेले अनुमापन एकूण आम्ल मोजते. मोकळे किती आणि बांधलेले किती, हे त्यातून कळत नाही. आणि विकराला तर त्या क्षणी मोकळ्या असलेल्या आयनांशीच कर्तव्य असते. प्रथिनांच्या द्रावणात ही गुंतागुंत आणखी वाढते, कारण ओतलेल्या आम्लाचा मोठा वाटा प्रथिने स्वतःच गिळून टाकतात.

सोरेन्सेन यांनी या प्रश्नाचे दोन भाग केले. एकूण आम्ल मोजण्याची रीत सुधारणे हा पहिला, आणि मोकळे हायड्रोजन आयन मोजण्याची रीत बसविणे हा दुसरा.

पहिल्या भागाचे उत्तर त्यांनी १९०७ साली दिले. प्रथिनांचे तुकडे झाले की अमिनो आम्ले तयार होतात. त्यांच्या रेणूत एक आम्लधर्मी गट असतो आणि एक आम्लारीधर्मी गट. हे दोन्ही गट एकमेकांना सांभाळून असल्यामुळे अमिनो आम्लाचे साधे अनुमापन करता येत नाही. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग योग्य जागी येतच नाही. सोरेन्सेन यांनी द्रावणात फॉर्माल्डिहाइड मिसळले. त्याने आम्लारीधर्मी गट बांधला गेला आणि आम्लधर्मी गट उघडा पडला. मग तो इतर कोणत्याही सौम्य आम्लाप्रमाणे सोडियम हायड्रॉक्साइडने मोजता येऊ लागला. या पद्धतीला फॉर्मॉल अनुमापन म्हणतात. फळांच्या रसाची आणि दुधाची तपासणी करताना ती अद्यापही उपयोगी पडते.

दुसऱ्या भागाचे उत्तर १९०९ साली आले, आणि त्यानेच सोरेन्सेन यांचे नाव अजरामर केले. विकरांवरील आपल्या प्रदीर्घ लेखात त्यांनी हायड्रोजन आयनांची संहती मोजण्याच्या दोन पद्धती बारकाईने वर्णन केल्या. एक हायड्रोजन विद्युतअग्राची, अचूक पण वेळखाऊ. दुसरी रंग बदलणाऱ्या दर्शकांची, जलद आणि स्वस्त. दर्शकांशी ताडून पाहण्यासाठी ज्यांची आम्लता स्थिर राहते अशी फॉस्फेट, सायट्रेट, बोरेट व ग्लायसिन यांची बफर द्रावणे कशी बनवावीत, याची कोष्टकेही त्यांनी दिली. आणि या साऱ्याच्या आरंभी, जणू वाटेत सहज सांगावे तसे, त्यांनी लिहिण्याची एक सोय सुचविली.

हायड्रोजन आयनांची संहती फार मोठ्या पल्ल्यात बदलते. एक लिटर द्रावणात कधी एक मोल, तर कधी मोलाचा शंभर लाख कोटीवा भाग. असे आकडे लिहिताना दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग लागते. सोरेन्सेन यांनी म्हटले की ही संहती १० च्या ऋण घाताने लिहावी, आणि तो घातांक तेवढा, उणे चिन्ह काढून, वापरावा. संहती १०⁻³ असेल तर सामू ३. शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सिअसला ती १०⁻⁷ असते, म्हणून त्याचा सामू ७. सामू एकाने घटला की आम्लता दहापट वाढली असे समजावे. पी या अक्षराचा मूळ अर्थ कोणता, घात की आणखी काही, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. व्यवहाराला त्यावाचून अडले नाही.

या सोयीचे मोल किती, हे आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या एका उदाहरणाने स्पष्ट करू. दोन शंकुपात्रे घ्यावीत. एकात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिलिलीटर, दुसऱ्यात तेवढेच आणि त्याच संहतीचे ॲसेटिक आम्ल. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. दोन्ही पात्रांना उदासिनीकरणासाठी नेमके २५ मिलिलीटरच आम्लारी लागते. केवळ ब्युरेट पाहणाऱ्यास दोन्ही आम्ले सारखीच वाटतील. सामूच्या दृष्टीने पाहिले की त्यांचा स्वभाव उलगडतो.

आरंभी हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १ असतो. ॲसेटिक आम्लाचा विचरण स्थिरांक १.७५ × १०⁻⁵ आहे. त्याला ०.१ ने गुणून वर्गमूळ काढले की हायड्रोजन आयनांची संहती सुमारे ०.००१३ मोल येते, म्हणजे सामू २.८८. आम्ल तेवढेच, पण मोकळे आयन पंचाहत्तरपट कमी.

आता ॲसेटिक आम्लात १० मिलिलीटर आम्लारी सोडावी. आरंभी आम्ल २.५ मिलिमोल होते. त्यातील १ मिलिमोलचा ॲसिटेट क्षार झाला आणि १.५ मिलिमोल आम्ल उरले. विचरण स्थिरांकाचा घातांक ४.७६. त्यात क्षार आणि आम्ल यांच्या गुणोत्तराचा लॉगरिथम मिळवायचा. १ भागिले १.५ याचा लॉगरिथम उणे ०.१८, म्हणून सामू ४.५८. दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात असल्याने आकारमान भागाकारात निघून जाते. त्याची चिंता येथे करावी लागत नाही. १२.५ मिलिलीटरला क्षार व आम्ल समसमान होतात, लॉगरिथम शून्य होतो आणि सामू ४.७६ येतो, म्हणजे स्थिरांकाचा घातांकच. या अर्ध्या वाटेवर उभे राहून अज्ञात सौम्य आम्लाचा स्थिरांक वाचता येतो. २४ मिलिलीटरला गुणोत्तर २४ होते आणि सामू ६.१४. तोवर हायड्रोक्लोरिक आम्लाचे पात्र २.६९ वरच असते.

२५ मिलिलीटरला मात्र रीत बदलते, आणि विद्यार्थी बहुधा येथेच अडखळतात. आम्ल संपले, भागाकाराला अर्थ उरला नाही. पात्रात आता केवळ सोडियम ॲसिटेट आहे, आणि एकूण द्रावण ५० मिलिलीटर झाल्याने त्याची संहती ०.०५ मोलर आहे. ॲसिटेट आयन पाण्याकडून हायड्रोजन ओढून घेतो आणि थोडे हायड्रॉक्साइड मोकळे करतो. त्याचा आम्लारी स्थिरांक १०⁻¹⁴ भागिले १.७५ × १०⁻⁵, म्हणजे ५.७ × १०⁻¹⁰. त्याला ०.०५ ने गुणून वर्गमूळ घेतले की हायड्रॉक्साइड ५.३ × १०⁻⁶ येते, आणि सामू ८.७३. तीव्र आम्लाच्या पात्रात हाच क्षण सामू ७ वर येतो. उदासिनीकरण पूर्ण झाले म्हणजे द्रावण उदासीनच असले पाहिजे, ही समजूत येथे गळून पडते. २६ मिलिलीटरला उरलेली आम्लारी दोन्ही पात्रांवर सारखीच सत्ता चालविते आणि दोहोंचा सामू ११.२९ होतो.

दर्शकाची निवडही या आकड्यांवरूनच ठरते. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग ८.२ च्या पुढे दिसू लागतो, म्हणून सौम्य आम्लासाठी तो योग्य. मेथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ या पट्ट्यात बदलतो. ॲसेटिक आम्लात तो घातला तर साडेसात मिलिलीटरच्या आसपासच रंगबदल आटोपून जाईल आणि पाहणारा फसेल. हाताला कितीही कौशल्य असो, अंतिम बिंदू कोठे शोधायचा हे ठाऊक नसेल तर उत्तर चुकतेच.

वर वापरलेल्या गुणोत्तराच्या सूत्रामागेही एक कथा आहे. अमेरिकेतील लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ साली सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार यांच्या मिश्रणातील हायड्रोजन आयनांचे गणित मांडले होते. कोपनहेगनचे वैद्य कार्ल हासेलबाल्ख यांनी काही वर्षांनी त्यालाच सोरेन्सेन यांच्या घातांकाचा पोशाख चढविला आणि रक्ताच्या आम्लतेचा अभ्यास केला. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो. कार्बोनिक आम्ल व बायकार्बोनेट यांची जोडी तो सांभाळते. शंकुपात्रात ॲसेटिक आम्ल आणि ॲसिटेट जे करतात, तेच कार्य ही जोडी आपल्या धमन्यांतून अहोरात्र करीत असते. श्वास कोंडलेल्या वा मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे प्राण आज याच आकड्याकडे पाहून वाचविले जातात.

सोरेन्सेन यांची कल्पना वाऱ्यासारखी पसरली नाही. आरंभी ती विकरांच्या अभ्यासकांपुरती होती. हळूहळू जंतुशास्त्र, मृदाशास्त्र, साखर उद्योग, कातडी उद्योग यांनी ती उचलली. १९३४ साली अमेरिकेत आर्नल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्याच्या गरजेतून एक विद्युत उपकरण तयार केले, आणि सामू मोजणे हे मिनिटाचे काम झाले. ज्या मापनासाठी सोरेन्सेन यांना हायड्रोजन वायूच्या नळ्या आणि तासन्‌तास वाट पाहणे आवश्यक होते, ते आता एक काडी द्रावणात बुडवून होऊ लागले.

आपल्या कल्पनेवर सोरेन्सेन यांनी कधी मालकी सांगितली नाही. त्याहून आम्हांस मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. मापपट्टी जगन्मान्य होत असतानाच तिच्यातील उणीव त्यांच्या ध्यानी आली. विद्युतअग्र जे मोजते ती आयनांची निव्वळ संहती नसते. भोवतालच्या इतर आयनांच्या प्रभावामुळे तिला मुरड पडलेली असते. १९२४ साली आपले तरुण सहकारी काय लिंडरस्ट्रॉम-लांग यांच्यासह त्यांनी संहतीऐवजी आयनांच्या सक्रियतेवर आधारलेली नवी व्याख्या मांडली. पंधरा वर्षांपूर्वीचे आपलेच म्हणणे त्यांनी पुराव्यासमोर सुधारून घेतले. पुढे हेच लिंडरस्ट्रॉम-लांग त्यांच्या जागी आले.

प्रथिनांवरील त्यांचे कार्यही थोर होते. अंड्यातील पांढऱ्या बलकामधील अल्ब्युमिन त्यांनी स्फटिकरूपात शुद्ध केले आणि त्याच्या परासरण दाबावरून १९१७ च्या सुमारास रेणुभार सुमारे ३४,००० असल्याचे अनुमान काढले. प्रथिन हा धूसर चिकट लगदा नसून निश्चित आकारमानाचा रेणू आहे, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. या संशोधनात मार्ग्रेथ होयरुप या त्यांच्या सहकारी होत्या; पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या आणि प्रयोगशाळेतील कार्यही चालूच राहिले. सामूचा इतिहास सांगताना त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते. आमच्या विद्यार्थिनींनी ते लक्षात ठेवावे, अशी आमची इच्छा आहे.

सोरेन्सेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. १९३८ साली ते निवृत्त झाले आणि १२ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनात साहसाचे प्रसंग नाहीत, देशांतर नाही, गाजलेले वाद नाहीत. एक जागा, एक विषय आणि अखंड परिश्रम एवढीच त्यांची कथा.

विद्यार्थ्यांनी या चरित्रातून काय घ्यावे? सूत्र पाठ करून गुण मिळविता येतात. पण ब्युरेटमधील कोणत्या थेंबाला कोणते सूत्र लागू पडते हे समजण्यासाठी पात्रात त्या क्षणी काय उरले आहे, हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. सोरेन्सेन यांनी आयुष्यभर हाच प्रश्न विचारला. आमच्या वसतिगृहातील कित्येक मुले ज्या घरांतून येतात, तेथे माती परीक्षणाची पत्रिका पोहोचते, पण ती वाचून दाखविणारे कोणी नसते. सामू साडेआठच्या वर गेला असेल तर त्या जमिनीत काय घडते, पिकाला लोह आणि जस्त का मिळत नाही, हे सुटीत घरी जाऊन आपल्या आईवडिलांना समजावून सांगणारा विद्यार्थी ज्या दिवशी या प्रयोगशाळेतून बाहेर पडेल, त्या दिवशी या शेतकरीपुत्राचे ऋण काही अंशी तरी फिटले, असे आम्ही मानू.